दोन मिलिमीटर

"मॅडम, मायंच काही चुकून राह्यलं," अपेक्षा म्हणाली, आणि जयाच्या हातातली सोल्डरिंग गन जिथं क्षणभर टेकवून उचलायची तिथंच टेकून राहिली. राळेचा धूर चष्म्यावर आला, सर्किटवरची तांब्याची बारीक पट्टी करपून सुटली. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या दोन पोरांनी एकमेकांकडं बघत ओठ दाबले. मॅडमनं सर्किट जाळलं ही बातमी आता चहाच्या वेळेपर्यंत शेडभर होणार होती. जयाला त्याचं काही वाटलं नाही. मार्च संपत आला होता, रविवारची दुपार, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली ही पत्र्याची शेड तापून बसली होती आणि दोन कुलरपैकी नेहमीप्रमाणे एकच चालत होता. पूर्वी इथं जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग व्हायचे. आता दर शनिवार-रविवारी आठवी ते दहावीची वीस-बावीस पोरं येऊन काहीबाही जोडायची, मोडायची आणि पुन्हा जोडायची. आठवडाभर तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून इतरांची उपकरणं सांभाळणाऱ्या जयानं या जागेचं नाव 'खटपट' ठेवलं होतं. इथं मार्क नाहीत, हजेरी नाही, प्रमाणपत्रही नाही, त्यामुळं आईबापांना सुरुवातीला हा प्रकार संशयास्पद वाटायचा. मग पोरगं घरचा मिक्सर दुरुस्त करायचं आणि संशय फिटायचा.

अपेक्षा नेरची. शिक्षणासाठी मामाकडं लोहाऱ्यात राहायची, पंधरा वर्षांची, हट्टी, आणि स्वतःवर फार लवकर चिडणारी. "आठ दिवस झाले मॅडम," ती सांगत होती, "मामाच्या गच्चीवर दहा नरसाळे लावले. तुमच्या रजिस्टरमधी जसं लिवलं हाय तसेच, टिनाचे, तेवढ्याच तोंडाचे. पाचले उठून पाहून राह्यली. एका नरसाळ्यात मुंगी सापडली. बाकी कोल्डे ठणठणीत. तुमच्यात रोज दोन मिलिमीटर दव यायचं, मायाच्यात थेंब नाई. अन फॉर्म तं आज सहाले बंद होते." फॉर्म पुण्याच्या उन्हाळी विज्ञान शिबिराचा होता. महिनाभर तिथं राहायचं, हातानं काम करायचं, आणि साऱ्या जिल्ह्यातून दोनच मुलं घेणार. तिनं प्रकल्पाचं नावही ठरवून टाकलं होतं : दवावर जगणारी रोपवाटिका. पाया जयाचं रजिस्टर. जयानं करपलेलं सर्किट बाजूला सरकवलं. सहाला अडीच तास होते. या मुलीचं काहीच चुकलेलं नाही हे साऱ्या शेडमध्ये एकट्या जयाला माहीत होतं, आणि ते तिला पस्तीस वर्षांपासून माहीत होतं.

रजिस्टर दोन महिन्यांपूर्वी नेरहून एसटीच्या पार्सलनं आलं होतं. जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं, वर सुतळी. तिला हे रजिस्टर लिहायला लावणारे, म्हातारपणी नेरला मुलाकडं राहणारे बापूजी जानेवारीत गेले. त्यांच्या सुनेनं, साधनानं, कपाट आवरताना ते बाजूला काढलं आणि सोबत चिठ्ठी घातली : बाबा आल्यागेल्याला हे दाखवायचे, तुमच्याकडं असावं. निळ्या पुठ्ठ्यावर बापूजींच्या ठसठशीत अक्षरात 'पर्जन्यमापन, कु. जया नेमसिंग आडे, इयत्ता नववी'. जयानं ते उघडलं नाही. टेबलाच्या खालच्या खणात टाकलं आणि वर वायरींचं भेंडोळं ठेवलं. पण ज्या पोरांना तिनंच वर्षानुवर्षं सांगितलं होतं की बंद दिसेल ते उघडून बघा, ती पोरं खण सोडतात होय? अपेक्षानं आठवडाभरात सगळं रजिस्टर वाचून काढलं, आकडे संगणकात भरले, आलेख काढला. आणि दवाची गोष्ट तर तिला तोंडपाठच होती. दरवर्षी जूनमध्ये नवी पोरं आली की जया पहिल्या दिवशी तीच सांगायची. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची एक पोरगी, सलाईनच्या बाटलीचं पर्जन्यमापक, पाऊस नसताना बाटलीत सापडलेलं पाणी, आणि त्या पाण्यामागं लागून ती थेट पुण्याला कशी पोचली. सांगून सांगून गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती की कधी कधी तिला स्वतःलाही ती खरी वाटायची.

खरे होते ते रविवार. फुलसावंगीच्या जनावरांच्या दवाखान्यात बापूजी कंपाउंडर होते, आणि रविवारी दवाखाना बंद असला की मागच्या आवारात दहा-बारा पोरं जमायची. बैलाला सुई टोचताना ज्याच्यात उभा करतात तो लोखंडी खोडा तिथं होता, त्याच्या आडव्या नळ्यांवर सगळे ओळीनं बसायचे. फिनाइलचा आणि शेणाचा मिळून एक वास यायचा. आजही कुठल्या इस्पितळात फरशी पुसत असले की जयाला उगीच शिकायला बसल्यासारखं वाटतं. बापूजी शिकवत काहीच नसत. "शाळेतलं शाळेत शिका. इथं पाहाचं अन लिहाचं," म्हणायचे आणि प्रत्येकाला एकेक गोष्ट वाटून द्यायचे. कुणाला कापसावरच्या अळ्या मोजायच्या, कुणाला विहिरीची पातळी, कुणाला चिमण्यांची घरटी. जयाच्या वाट्याला पाऊस आला. सपाट तळाची काचेची बाटली, तिच्यावर मिलिमीटरची कागदी पट्टी, आणि बाजारातल्या पत्रेवाल्याकडून बाटलीच्या घेराएवढ्याच तोंडाचं करून घेतलेलं टिनाचं नरसाळं. सकाळी साडेआठला बघायचं, लिहायचं, बाटली ओतून कोरडी करून परत ठेवायची. तांड्यावरून तीन किलोमीटर चालत रविवारी रजिस्टर दाखवायला जाताना आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटायचं. तसं तिला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही इतकं निखळ कधी वाटलं नाही. ऑक्टोबरात पाऊस संपला. तिनं विचारलं, आता थांबवू? बापूजींनी चष्म्यावरून पाहिलं. "पाऊस सुट्टीवर गेला म्हणून तू बी जातं काय?" मग ती रोज शून्य लिहीत राहिली. दिवाळीनंतर गोठ्यामागं बाटलीवर लिंबाची सावली पडायला लागली, म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून तिनं बाटली उचलून घराच्या अंगणात, दारासमोर मोकळ्यावर आणून ठेवली. एक डिसेंबरला. आणि दोन डिसेंबरच्या सकाळी आभाळ निरभ्र असताना बाटलीत दोन मिलिमीटर पाणी होतं.

त्या रविवारी बापूजींचा चेहरा कसा झाला होता ते तिला जसंच्या तसं आठवतं. ते खोड्याला टेकून उभे होते, रजिस्टर दोन्ही हातांत, आणि ओठ हलत होते. तीन तारीख, दोन. चार तारीख, दोन. पाच तारीख, अडीच. "पोरी," ते हळूच म्हणाले, "हे दव हाय." नाला जवळ, टिन रात्री लवकर थंड होतं, हवेतली ओल त्याच्यावर बसते आणि ओघळून बाटलीत उतरते. सगळं कसं चपखल बसत गेलं. बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या त्या माणसानं आयुष्यभर काहीतरी सापडण्याची वाट पाहिली होती आणि ते एका तांड्यावरच्या नववीतल्या पोरीच्या बाटलीत सापडलं होतं. त्यांनी यवतमाळला पत्रं लिहिली, जिल्ह्याच्या मेळाव्यात तिचं नाव घातलं, भाषण तिच्याकडून वीसदा म्हणून घेतलं. मेळावा पंचवीस मार्चला होता. तेवीसच्या पहाटे भाषण घोकायचं म्हणून जया कधी नव्हे ती साडेपाचला उठली आणि उघड्या दारातून तिनं पाहिलं, तिची याडी, म्हणजे आई, हंसाबाई, डोक्याला फडकं बांधून कामाला निघाली होती. अंगणात थांबली. कमरेवरच्या घागरीतून चुळकाभर पाणी तळहातावर घेतलं, नरसाळ्यात सोडलं, बाटलीला हात लावून कपाळाला लावला आणि चालायला लागली. "याडी!" जया ओरडली, "हे काय करून राह्यली?" हंसाबाई दचकली, मग हसली. "अवं, कामाले निघतानी दारात रिकामं भांडं बरं दिसते काय? तू रोज रितं करून ठेवतं. मी थोडंसं टाकतो." आणि मग जरा काळजीनं, "तुया अभ्यासाले काही होते का त्यानं?" जया म्हणाली, "नाही." म्हणाली आणि आत येऊन गोधडीवर बसून राहिली. दोन दिवस होते. तीन किलोमीटरवर बापूजी होते. ती गेली नाही. पंचवीसला तिनं भाषण केलं, टाळ्या पडल्या, मे महिन्यात ती पुण्याच्या शिबिराला गेली, तिथं आयुष्यात पहिल्यांदा तिनं सोल्डरिंग गन हातात धरली, ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर स्वतःच्या आवाजाची रेघ नाचताना पाहिली. पुढचं सगळं, शिक्षण, नोकरी, यवतमाळातलं घर, ही शेडसुद्धा, त्या मे महिन्यातून निघालं. एका बाईच्या चुळकाभर पाण्यातून. बापूजींना सांगायचं तिनं दर दिवाळीला ठरवलं. दर दिवाळीला ते म्हातारे होत गेले आणि दवाची गोष्ट सांगताना जास्त जास्त उजळत गेले, आणि ती चहा पिऊन परत यायची.

"मॅडम?" अपेक्षा समोरच उभी होती. तिनं एक नरसाळं सोबत आणलं होतं, त्याच्या कडा पत्रेवाल्यानं नीट वळवल्या नव्हत्या म्हणून तिनं घरीच कानशीनं घासल्या होत्या आणि बोटाला चिंधी बांधली होती. जयानं ती चिंधी पाहिली. सांगितलं नाही तर काय होईल, हे तिला सरळ दिसत होतं. पोरगी फॉर्ममध्ये खोटं भरणार नाही; ती लिहील की प्रयोग जमला नाही, माझी चूक झाली, आणि घरी जाऊन तेच धरून बसेल. पंधराव्या वर्षी एकदा मनानं घेतलं की आपल्याला हे जमत नाही, की माणूस किती वर्षं ते घेऊन फिरतो हे जयानं इथं येणाऱ्या आयांच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. आणि सांगितलं तर? पोरं चहाला जमतील, गोष्ट फुटेल, जूनमध्ये पहिल्या दिवशी काय सांगायचं? तिला लाज वाटली. नुसती खोटेपणाची नव्हे. आपण अजूनही टाळ्यांचा हिशेब करतोय याची. "बस," ती म्हणाली. अपेक्षा स्टुलावर बसली. "तुयं काही चुकलं नाही. दव कधी आलंच नव्हतं. मायी याडी टाकत होती पाणी." आणि मग तिनं सगळं सांगितलं. अंगण, घागर, चुळका, तेवीस तारखेची पहाट, गोधडी. आवाज खाली न करता सांगितलं, त्यामुळं शेजारच्या बाकावरची दोघंही थांबली आणि तोंड उघडं टाकून ऐकायला लागली.

अपेक्षानं मांडीवरचं नरसाळं खाली ठेवलं. मग तिचे कान लाल झाले. "मंग आठ दिवस मी कायले पाचले उठली?" ती म्हणाली. "तुमाले तं माहीत होतं." जयानं मान हलवली. "मामी हासत होती मले. म्हणे गच्चीवर नरसाळे उलटे का सुलटे ते तरी पाह्य." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचंच होतं. जयाला वाटलं आता ही उठेल, सायकल काढेल आणि पुन्हा येणार नाही. तसं झालं असतं तर ते बरोबरच झालं असतं. अपेक्षा उठली खरी, पण बाहेर गेली नाही. संगणकापाशी गेली, आलेख उघडला आणि त्याच्याकडं बघत उभी राहिली. हळूहळू तिचे खांदे उतरले. "इंटरनेटवर तं होतं, की दव एका रात्रीत अर्ध्या मिलिमीटरच्या वर सहसा जात नाई," ती स्वतःशीच बोलत असल्यासारखी म्हणाली. "मी वाचलं होतं. पण मले वाटलं इंटरनेट चूक, तुमी बरोबर." मग खुर्ची ओढून बसली. "मॅडम, मंग प्रकल्प हाच करते न मी. नोंद खोटी हाय हे आकड्यावरूनच कसं ओळखाचं. दव असतं तं थंडीत जास्त, मार्चमधी कमी व्हाले पायजे. मधातला एक खड्डा सोडला तं इथं सरळच्या सरळ रेघ हाय. हे माणसाच्या हाताचं माप हाय." जयाला हसू आलं. पस्तीस वर्षांत बापूजींना, जिल्ह्याच्या परीक्षकांना, पुण्याच्या मोठमोठ्या लोकांना जे दिसलं नाही ते या पोरीनं डोळे पुसता पुसता पाहिलं होतं. हलकं वाटलं. इतकं हलकं की तिनं पोरांना चहा सांगितला आणि उगीचच दुसरा कुलर ठोकून बघितला.

पावणेपाचला अपेक्षानं पुन्हा हाक मारली. ती फॉर्म भरत होती आणि रजिस्टर तिच्या मांडीवर उघडं होतं. "मॅडम, सगळं जमलं, फक्त हे नाई जमून राह्यलं. डिसेंबरपासून रोज दोन, अडीच, दोन. एक बी दिवस सुटला नाई. अन इथं, तीन मार्च ते तेरा मार्च, अकरा दिवस शून्य. चौदापासून पुन्हा दोन. शेऱ्यात तुमी लिवलं हाय 'वारा'. पण दव नव्हतंच तं वारा कशाचा? तुमच्या आईनं ह्या अकरा दिवशी पाणी काहून नाई टाकलं?"

जया वाकली. तिचंच अक्षर होतं, गोल, शहाण्या पोरीचं. वारा, वारा, वारा, अकरा वेळा. भाषणात तिनं त्यावर वेगळा परिच्छेद केला होता, वारा वाहता असला की दव धरत नाही, आणि परीक्षकांपैकी एक जण सगळ्यांसमोर म्हणाले होते, ही मुलगी शून्याचंसुद्धा कारण देते. काहून नाही टाकलं? ती कामाला निघताना टाकायची. म्हणजे कामाला निघाली नसेल. हंसाबाई अकरा दिवस कामाला गेली नाही? जिनं तापातही कापसाची एक वेचणी चुकवली नाही? जयाला त्या दिवसांतलं आठवायला लागलं, आणि जे आठवत होतं ते सगळं स्वतःचंच होतं. आरशापुढं भाषण. भाकऱ्या काकू करत होती आणि त्या जाड व्हायच्या म्हणून आपण कुरकुर केलेली. होळी त्याच दिवसांतली. तांड्याच्या चौकात बायका लेंगी, होळीची गाणी, म्हणत फेर धरायच्या आणि फेरात पहिला आवाज हंसाबाईचा असायचा. त्या साली तो नव्हता. आपल्याला बरं वाटलं होतं, घरात शांतता आहे म्हणून. आतल्या अंधाऱ्या खोलीत बाज टाकलेली. बसंतीबाई, जी तांड्यावरच्या बाळंतपणाला जायची, ती दोनतीनदा येऊन गेलेली, हातात झाकलेलं घमेलं. आपण विचारलं होतं, याडीले काय झालं? कुणीतरी म्हणालं, पोट दुखते. आणि आपण पुन्हा आरशापुढं गेलो. हे सगळं तिला दिसलं होतं. एकूण एक दिसलं होतं.

तिनं फोन घेतला आणि शेडच्या दारात जाऊन तांड्यावर लावला. भावानं, हरिसिंगानं उचलून वडिलांकडं दिला. नेमसिंग आता ऐंशीला टेकले होते, कानाला कमी, त्यामुळं सगळं ओरडून बोलायचे. "बा, मी नववीत होतो तवा," ती म्हणाली, "होळीच्या वक्ती याडी अकरा दिवस कामाले गेली नव्हती. काय झालतं?" पलीकडं नेमसिंगांनी कुणाला तरी पंखा बंद करायला सांगितलं. "आता कायले विचारतं?" "सांग न बा." "पोटातलं गेलं न तिचं," नेमसिंग म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "पाच महिन्याचं होतं. पोरगी होती. लय रगत गेलं, आमाले वाटलं हे बी जाते. तुले ठाऊक नाई?" "नाही." "तिनंच म्हणलं होतं, जयाले सांगू नोका, तिचं भाषण हाय, तिचं मन नाई लागणार." मग ते पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "चौदाव्या दिवशी फाल्गुनाच्या उनात उठून गेली वेचाले. नोको जाऊ म्हणलं, तं ऐकलं नाई." त्यांचा हिशेब थोडा चुकत होता, दिवस नव्हे, तारीख चौदा होती. जयानं दुरुस्त केलं नाही. हंसाबाईला जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटच्या आजारपणात महिनाभर ती जयाकडंच होती, दोघी रात्रंदिवस बोलत बसायच्या आणि तिनं हे सांगितलं नव्हतं. कदाचित तिला वाटत असेल की पोरीचं मन अजून कशात तरी लागलेलं असेल.

ती आत आली तेव्हा चहाचे कप गोळा होत होते. अपेक्षा खुर्चीवरून वळली. पडद्यावर तिचा तक्ता होता, तारीख, नोंद, शेरा, आणि अकरा ओळी पिवळ्या करून ठेवलेल्या. "पाच वाजून दहा झाले मॅडम. ह्याचं काय लिहू? माहीत नसन तं 'कारण माहीत नाही' लिहिते, चालते तसं बी." जया तिच्या मागं उभी राहिली. 

"कारण माहीत हाय," ती म्हणाली. "वारा खोड. लिही, या अकरा दिवसांत पाणी टाकणारी बाई घरात आजारी होती." अपेक्षानं लिहिलं. "पुढं लिही, निरीक्षण करणारी मुलगी त्याच घरात राहत होती. तिनं पाहिलं, पण नोंद केली नाही."

अपेक्षाची बोटं थांबली. तिनं वर जयाकडं पाहिलं. "हे बी लिहू मॅडम? फॉर्ममधी?"

"हे बी लिही," जया म्हणाली.